वाचकांचे प्रश्न : वचनाच्या आधीचे आणि नंतरचे

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट समान आढळली. जवळजवळ प्रत्येक पत्रात पवित्र शास्त्रातील कोणते ना कोणते एक वचन उद्धृत केलेले आहे आणि ते वचन पत्रलेखकाला दुसऱ्या कोणीतरी सुनावलेले आहे. वचन खरे असते, सुनावणाऱ्याचा हेतूही बहुधा चांगला असतो. तरीही ऐकणारा अधिकच गोंधळतो. म्हणून या वेळी उत्तरे देताना त्या त्या वचनाच्या शेजारी काय लिहिले आहे याकडे मी मुद्दाम लक्ष दिले आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने आठ वर्षांपूर्वी व्यवसायासाठी म्हणून माझ्याकडून मोठी रक्कम घेतली. नंतर कळले की तसा व्यवसाय कधी नव्हताच. त्याने ना पैसे परत केले, ना क्षमा मागितली. आता त्याला कर्ज काढायचे आहे आणि मी जामीन राहावे अशी त्याची अपेक्षा आहे. मी नकार दिल्यावर मंडळीतील (चर्चमधील) एका वडीलधाऱ्यांनी मला 'सातांच्या सत्तर वेळा' या वचनाची आठवण करून दिली. जामीन राहिलो नाही, तर मी क्षमा केलेली नाही असा त्याचा अर्थ होतो का?

उत्तर : नाही, तसा अर्थ होत नाही. परंतु आपल्या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर दिले, तर आपली सुटका होईल आणि वचन मात्र मागे पडेल; म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात पेत्र हा शिष्य प्रभू येशूला विचारतो की, भावाने अपराध केल्यास मी त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का? पेत्राला वाटते की आपण पुष्कळ मोठा आकडा सांगितला. प्रभूने दिलेल्या उत्तरातील ग्रीक शब्दांचा अर्थ काही भाषांतरकार सत्त्याहत्तर वेळा असा करतात, तर काही सातांच्या सत्तर वेळा असा करतात. पण खरा मुद्दा गुणाकाराचा नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की, काइनाबद्दल सातपट सूड घेतला जाणार असेल, तर माझ्याबद्दल सत्त्याहत्तरपट घेतला जाईल. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी जे शब्द आहेत, नेमके तेच मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या तोंडी आहेत. लामेखाने सुडाला मर्यादा ठेवली नव्हती आणि प्रभू क्षमेला मर्यादा ठेवत नाही. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या वचनाची धार मी बोथट करणार नाही.

त्यापुढे प्रभूने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, पाहू. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत देणे आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षाचे तीनशे दिवस राबणाऱ्या माणसाला ते फेडायला दोन लाख वर्षे लागतील. ग्रीक भाषेत स्वतंत्र नाव असलेली सर्वांत मोठी संख्या दहा हजार, आणि पैशाचे सर्वांत मोठे परिमाण तालांत. प्रभूने ही दोन्ही एकत्र आणली, तेव्हा ऐकणारे मनात हसले असतील. आणि हा चाकर काय म्हणतो? "मला सांभाळून घ्या, मी सगळे फेडीन." राजा सगळेच कर्ज सोडतो. बाहेर पडताच चाकराला त्याचा सोबती भेटतो. त्याच्याकडून शंभर दीनार येणे आहे, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ही रक्कम क्षुल्लक नव्हे, हे लक्षात घ्यावे. प्रभूने सोबत्याचे कर्ज चार-दोन नाण्यांचे दाखवले नाही. माणसांनी आपले केलेले नुकसान खरे असते, हे तो मान्य करतो. चाकर सोबत्याचा गळा धरतो. सोबती याचना करतो ती जवळजवळ शब्दशः चाकराने स्वतः केलेल्या याचनेसारखीच आहे, फरक एवढाच की सोबत्याने दिलेला शब्द पाळता येण्यासारखा होता.

मला नेहमी वाटते की या चाकराला क्षमा मिळाली, पण ती त्याला समजलीच नाही. 'मी फेडीन' या हिशेबातून तो बाहेर आलाच नव्हता, म्हणून बाहेर पडल्यावर त्याचा हात पहिल्यांदा गेला तो वसुलीकडे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. या दाखल्यात क्षमा म्हणजे येणे रक्कम सोडून देणे. 'क्षमा करणे' यासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच सोडणे, जाऊ देणे असा आहे. झालेले कर्ज सोडणे ही एक गोष्ट आणि नव्या कर्जावर सही करणे ही वेगळी गोष्ट. नीतिसूत्रे या पुस्तकात जामीन राहण्याविरुद्ध एकदा नव्हे, तर वारंवार बजावलेले आहे. सहाव्या अध्यायात ते आहे, अकराव्यात आहे, आणि बाविसाव्यात तर थेट विचारले आहे की, फेडायला जवळ काही नसताना आपल्या अंगाखालचे अंथरूण ओढून नेण्याची वेळ का आणावी? हेही देवाचेच वचन आहे, आणि ते बाजूला ठेवून क्षमेचे वचन पाळता येते असे मला वाटत नाही.

योसेफाची गोष्ट आपल्याला परिचित असेलच, पण तिच्यातील एक धागा सहसा निसटतो. ज्या भावांनी त्याला विकले, ते धान्यासाठी मिसर देशात त्याच्यासमोर उभे राहतात. योसेफ त्यांना धान्य देतो, त्यांचे पैसेही गुपचूप त्यांच्या गोण्यांत परत ठेवतो आणि बाजूला जाऊन रडतो. म्हणजे सूड त्याच्या मनात उरलेला नाही. तरीही तो लगेच ओळख देत नाही. शिमोनाला ठेवून घेतो, बन्यामिनाला आणायला सांगतो, त्याच्या गोणीत प्याला लपवतो. हे सारे कशासाठी? धाकट्या भावाला टाकून देण्याची संधी पुन्हा मिळाली, तर हे भाऊ काय करतील, हे त्याला पाहायचे आहे. तेव्हा यहूदा पुढे येतो. योसेफाला विकून टाकू या, अशी सूचना करणारा हाच यहूदा होता. तो म्हणतो, मी या मुलासाठी बापाला जामीन राहिलो आहे, याच्याऐवजी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या. हे ऐकल्यावर मात्र योसेफाला स्वतःला आवरता येत नाही. या गोष्टीत जामीन राहतो तो अपराध करणारा भाऊ, ज्याच्यावर अपराध झाला तो नव्हे. विश्वास परत आला तो तिथून.

तेव्हा माझा सल्ला असा. जामीन राहण्यास नकार द्यावा आणि त्याचे कारण स्पष्ट सांगावे. जुनी रक्कम मनातून सोडता येत असेल, तर ती सोडली आहे असे भावाला शब्दांत सांगावे, आणि त्यानंतर घरातल्या कोणत्याही वादात ती पुन्हा काढू नये. हे जामीन राहण्यापेक्षा अवघड आहे. त्याची निकड खरी असेल, तर परत मिळण्याची अपेक्षा न धरता झेपेल तेवढे द्यावे, आणि ते देणगी म्हणून द्यावे.

एक गोष्ट मात्र राहून राहून टोचते, म्हणून लिहितो. त्याच अठराव्या अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या काही ओळी आधी, प्रभू सांगतो की भावाने अपराध केल्यास तू जा आणि दोघे एकांतात असताना त्याचा अपराध त्याला दाखव. आपण मंडळीतील वडीलधाऱ्यांशी बोललात, मला पत्र लिहिलेत. परंतु आठ वर्षांत भावाला समोर बसवून 'तू मला फसवलेस' असे कधी म्हटलेत का, ते पत्रात कोठेही आलेले नाही.

प्रश्न : व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत मी तीन वेळा अपयशी ठरले. पहिल्या परीक्षेच्या वेळी मावशीने मला यिर्मया २९:११ हे वचन सुंदर अक्षरांत लिहून दिले होते आणि ते अजूनही माझ्या टेबलासमोर आहे. 'तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' मग हे वचन माझ्यासाठी नव्हतेच का?

उत्तर : आधी एक कबुली देतो. माझ्या स्वतःच्या बायबलमध्ये हे वचन लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेले आहे आणि त्याच्या लगेच आधीचे दहावे वचन वर्षानुवर्षे कोरे होते. दहाव्या वचनात लिहिले आहे की, बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. सत्तर वर्षे! ते वचन कोणी सुंदर अक्षरांत लिहून भिंतीवर लावत नाही.

यिर्मयाचा २९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतील राजा, सरदार आणि कारागीर यांना पकडून नेले; त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. आधीच्या, म्हणजे २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात यिर्मयाने बाबेलच्या दास्याची खूण म्हणून मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडतो आणि जाहीर करतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना दोन वर्षे हवी होती. यिर्मयाने सांगितली सत्तर. आणि मधल्या काळात काय करायचे? घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते नगर म्हणजे शत्रूची राजधानी. हे पत्र सर्वांना आवडले असेही नाही. शमाया नावाच्या माणसाने बाबेलहून उलट टपाली यरुशलेमेतल्या याजकाला लिहिले की, या यिर्मयाला अजून खोड्यात का घातले नाही? ती तक्रारही त्याच अध्यायात नोंदलेली आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या पत्रात दिसते ते असे. 'तुमच्याविषयी' हा शब्द मूळ इब्री भाषेत अनेकवचनी आहे. ते अभिवचन एका व्यक्तीच्या एका परीक्षेबद्दल नव्हते, एका प्रजेबद्दल होते, आणि पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला त्याची पूर्तता डोळ्यांनी दिसणार नव्हती. त्यामुळे 'हे वचन आहे म्हणजे या वर्षी प्रवेश मिळेल' असा त्याचा अर्थ पहिल्या वर्षीही नव्हता. मावशींनी प्रेमाने दिलेल्या वचनावर हनन्याची मुदत आपणच नकळत चिकटवली, असे म्हणावे लागेल.

तरीही टेबलासमोरचा तो कागद काढावा असे मी सांगणार नाही. देवाने पराभूत लोकांना लिहिलेले ते शब्द आहेत. ज्यांचे सर्व काही व्यवस्थित चालले होते त्यांना ते लिहिलेले नाहीत. फक्त त्याच्या खाली पाचवे वचनही लिहावे, ते म्हणजे घरे बांधा, बागा लावा. तीन वर्षे आपण आयुष्य प्रवेशाच्या दारापाशी थांबवून ठेवले असेल, तर चौथ्यांदा परीक्षा द्यावी की दुसरा अभ्यासक्रम घ्यावा, हा निर्णय आपल्या शिक्षकांशी, घरच्यांशी बोलून, गुणपत्रिका समोर ठेवून घ्यावा. गुणपत्रिका पाहून घेतलेला निर्णय कमी विश्वासाचा असतो, असे पवित्र शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही.

प्रश्न : मी ज्यांच्याकडे नोकरी करतो ते मालक आमच्याच मंडळीचे आहेत. जादा कामाचे पैसे मागितले की ते कलस्सै ३:२३ म्हणून दाखवतात : 'जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.' यावर मी काय बोलावे?

उत्तर : आपण काही बोलू नये. त्यांना फक्त पान उलटायला सांगावे.

त्या वचनाच्या दोनच ओळींनंतर तिसरा अध्याय संपतो आणि चौथ्या अध्यायाचे पहिलेच वाक्य मालकांना उद्देशून आहे : आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण स्वर्गात तुम्हालाही धनी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रेषित पौलाने कलस्सै येथील मंडळीला हे पत्र लिहिले तेव्हा ना अध्याय होते, ना वचनांचे क्रमांक. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडितांकडून आली, आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. संदर्भ शोधायला ही सोय फार मोलाची आहे. परंतु या एका ठिकाणी अध्यायाची रेघ नेमकी दास आणि धनी यांच्यामध्ये पडली, आणि त्यामुळे मालक मंडळींना तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी बायबल मिटायला आयतीच जागा मिळाली, असे गमतीने म्हणता येईल. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हाच उपदेश सहाव्या अध्यायात सलग आला आहे; तिथे दासांना सांगून होताच 'धन्यांनो, तुम्हीही त्यांच्याशी तसेच वागा' असे वाक्य येते.

शिवाय कलस्सैचे पत्र जिथे वाचले गेले त्या खोलीची कल्पना करून पाहावी. पत्र घेऊन आलेला तुखिक उभा आहे आणि त्याच्यासोबत अनेसिम आहे. हा अनेसिम म्हणजे फिलेमोन नावाच्या ख्रिस्ती धन्याचा दास. त्याच्याबद्दल पौलाने फिलेमोनाला वेगळे पत्र लिहिले आणि त्यात म्हटले की, त्याच्याकडून तुझे काही येणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी ते फेडीन. दासांना व धन्यांना केलेला उपदेश वाचला जात असताना एक दास समोर उभा होता, आणि पौल त्याला 'विश्वासू व प्रिय बंधू' म्हणतो.

मजुरीबद्दल तर शास्त्र अगदी रोखठोक आहे. लेवीय १९:१३ म्हणते की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, स्वतःजवळ ठेवू नये. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे. म्हणून जादा कामाच्या तासांची नोंद ठेवणे, ती आदरपूर्वक लेखी मांडणे आणि त्याने भागले नाही तर कायद्याने दिलेला मार्ग धरणे, यात अविश्वास काहीच नाही. फिलिप्पै येथे अधिकाऱ्यांनी पौल व त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप निघून जा असा निरोप पाठवला, तेव्हा पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. आदल्या रात्री तोच तुरुंगात बसून स्तोत्रे गात होता.

प्रश्न : निर्णय घेताना डोळे मिटून बायबल उघडावे आणि बोट जिथे पडेल ते वचन देवाचे उत्तर मानावे, ही पद्धत योग्य आहे का?

उत्तर : नाही. त्यातून सुटे वचनच मिळणार, आणि सुट्या वचनाचा उपयोग कोण कसा करतो हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात पाहावे. सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून ९१व्या स्तोत्रातील वचन म्हणतो, 'देवदूत तुला हातांवर झेलतील', आणि नेमका तिथे थांबतो. पुढच्याच ओळीत सिंह व नाग यांना तुडवण्याची गोष्ट आहे, ती तो म्हणत नाही. प्रभूने उत्तर दिले ते जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकातून, देवाची परीक्षा पाहू नये या आज्ञेने. आपल्या प्रश्नालाही तेच उत्तर पुरेसे आहे.

प्रश्न : गेले वर्षभर मला छातीत धडधड, झोप न लागणे, विनाकारण भीती असा त्रास होतो. डॉक्टरांनी औषध सुरू केले आहे आणि समुपदेशन घ्यायला सांगितले आहे. प्रार्थनागटातील एक भगिनी म्हणाल्या की 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' ही आज्ञा आहे, तेव्हा चिंता करणे हे पाप आहे आणि औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे. तेव्हापासून मला चिंतेचीही चिंता वाटू लागली आहे.

उत्तर : औषध सुरू ठेवावे आणि समुपदेशनाला जावे. हे वाक्य सर्वांत आधी लिहिले, कारण पुढचे सर्व वाचायला कदाचित आज आपल्याला उत्साह नसेल.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ते वचन पौलाने बंदिवासात असताना लिहिले. त्यात चिंतेसाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे, तेच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या स्तुतीसाठी आले आहे : तो तुमची मनापासून काळजी करील, असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल स्वतःची दुःखे मोजतो, फटके, दगडमार, जहाज फुटणे, आणि शेवटी म्हणतो की या सर्वांशिवाय दररोज माझ्यावर सर्व मंडळ्यांविषयीच्या चिंतेचे ओझे असते. तेथे त्याच धातूचे नाम आहे. म्हणजे 'चिंता करू नका' असे लिहिणारा माणूस स्वतः रोज चिंतेचे ओझे वाहत होता आणि ते त्याने लपवले नाही. आपल्या मराठीला हे समजायला सोपे आहे, कारण आपल्याकडेही एकाच शब्दावर दोन्ही गोष्टी चालतात. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. पौलाचे म्हणणे एवढेच दिसते की जी काळजी मनात घोळत राहते, ती देवापुढे मागणी म्हणून मांडावी. वचनाचा उत्तरार्ध तेच सांगतो, आणि त्यात काळजी नसलेल्या माणसाचे वर्णन नाही, काळजी घेऊन कोठे जावे याचा पत्ता आहे.

औषधाबद्दल लिहायचे तर, पौलाच्या सोबत्यांपैकी लूक याला तो 'प्रिय वैद्य' म्हणतो, आणि तीमथ्याला पोटासाठी व वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो. पण मला आपल्यासाठी त्याहून जवळची वाटते ती १ राजे १९ मधील एलीयाची गोष्ट. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा संदेष्टा त्यानंतर लगेच जिवाच्या भीतीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, हे परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. मग त्याला झोप लागते. देवदूत त्याला स्पर्श करतो आणि दोनच शब्द बोलतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई आहे. तो खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला सांगतो आणि म्हणतो, कारण वाट तुला झेपण्यासारखी नाही. 'तू येथे काय करत आहेस' हा प्रश्न परमेश्वर विचारतो, पण तो त्यानंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवस चालून झाल्यावर. आपल्या प्रार्थनागटातील भगिनींनी तो प्रश्न झुडपाखालीच विचारला, एवढीच त्यांची चूक.

आणि प्रार्थनेसाठी शब्द सुचत नसतील, तर ८८वे स्तोत्र वाचावे. ते अंधारातच संपते, त्यात शेवटी आनंदाची ओळ नाही, आणि तरीही ते उपासनेच्या स्तोत्रांत आहे.

प्रश्न : आम्ही मुलाला लहानपणापासून प्रार्थना, शास्त्रवाचन, उपासना यांत वाढवले. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, मंडळीत पाऊल टाकत नाही आणि विषय काढला की फोन ठेवतो. नीतिसूत्रे २२:६ प्रमाणे, योग्य शिक्षण दिलेला मुलगा म्हातारपणीही त्यापासून ढळत नाही. मग आमच्या शिक्षणातच खोट होती, असे समजावे का?

उत्तर : नीतिसूत्रे हे पुस्तक करारनामा नाही. त्यातील वचने जगाची बहुधा दिसणारी रीत सांगतात. प्रत्येक घराला लेखी हमी देत नाहीत. याचा पुरावा त्याच पुस्तकात आहे. २६व्या अध्यायातील चौथे वचन म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवे म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे. ज्यांनी ही दोन वचने शेजारी शेजारी ठेवली, त्यांना ती विरुद्ध आहेत हे दिसत नव्हते असे थोडेच आहे? कोणते कधी लागू करायचे, ते वाचणाऱ्याने ओळखायचे आहे. तसेच २२:६ हे आईवडिलांना केलेले आवाहन आहे, मुले मोठी झाल्यावर त्यांच्याविरुद्ध द्यायचा निकाल नव्हे.

यशयाच्या पुस्तकाची सुरुवात पाहावी. पहिल्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात परमेश्वर आकाशाला आणि पृथ्वीला साक्षीला बोलावून म्हणतो की मी मुलांना वाढवले, लहानाचे मोठे केले, पण ती माझ्यावर उलटली. त्याच्या शिक्षणात खोट होती असे आपण म्हणणार नाही. मग स्वतःबद्दल एवढ्या खात्रीने का म्हणता? आपल्या हातून काही चुकलेच नसेल असेही मी म्हणत नाही. सर्वच आईबापांच्या हातून चुकते, आणि नेमके काय चुकले ते आठवत असेल, तर त्याबद्दल मुलाची क्षमा मागायला अठ्ठावीस हे वय उशिराचे नाही.

लूक १५ मधील उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाने दूर देशी गेलेल्या मुलाच्या मागे निरोप्या पाठवल्याचे कोठे लिहिलेले नाही. मुलगा अजून दूर आहे तोच बापाने त्याला पाहिले, एवढे लिहिले आहे. मुलाने पाठ करून आणलेले क्षमायाचनेचे वाक्यही बाप पुरे होऊ देत नाही. आपला मुलगा फोन ठेवतो तो विषय काढल्यावर, असे आपण लिहिले आहे. म्हणजे विषय निघेपर्यंत तो बोलतो. पुढच्या वेळी फोन केल्यावर त्याच्या कामाबद्दल विचारावे, तब्येतीबद्दल विचारावे, घरातली एखादी गंमत सांगावी, आणि मंडळीचा विषय न काढता फोन आपण आधी ठेवावा.